घरच्या माणसाचा पगार

कसबा गणपतीच्या देवळाकडून तांबट आळीकडे वळणाऱ्या माणसाला ती आळी डोळ्यांना दिसण्यापूर्वी कानांना कळते. तांब्याच्या पत्र्यावर एका लयीत पडणारे हातोडे, मधूनच भट्टीची धग, आणि त्या गदारोळात एकमेकांशी निम्मे हातवाऱ्यांनी बोलणारी माणसे, असे ते दृश्य आहे. पेशवाईत कोकणातून येऊन येथे स्थिरावलेल्या या कारागिरांच्या शेजारपाजारी बुरूड आहेत, शिंपी आहेत, कुंभार आहेत. पुण्याचे हे सर्वांत जुने गावठाण मुळात धंद्यांच्या नावांनीच वसलेले असल्यामुळे येथे ‘मालक’ आणि ‘नोकर’ हे शब्द जितके ऐकू येतात त्याहून ‘आमच्याकडचा’, ‘हाताखालचा’ आणि विशेषतः ‘घरचाच’ हे शब्द अधिक कानी पडतात.

‘घरचाच माणूस आहे तो’ हे वाक्य कामगार न्यायालयातील माझ्या पस्तीस वर्षांच्या वकिलीत मी दोन्ही पक्षांच्या तोंडून ऐकले आहे. मालक ते आपल्या औदार्याचा दाखला म्हणून उच्चारतो, कामगार आपल्या फसवणुकीचा. आणि नवल असे की, बहुधा दोघेही खरेच बोलत असतात. माझ्या लहानपणी आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर भांड्यांचा एक छोटा कारखाना होता. तेथे मठारकाम करणाऱ्या एका वृद्ध कारागिराला आम्ही सारी मुले काका म्हणत असू. ते मालकांच्या पंक्तीला जेवत, मालकांच्या मुलीच्या लग्नात अक्षता वाटत, आणि आपल्या मुलीच्या लग्नासाठी मालकांकडूनच उचल घेत. दृष्टी मंदावली तेव्हा एका दसऱ्याला त्यांना शाल, एक घंगाळ व नारळ देण्यात आला. ‘नारळ देणे’ या वाक्प्रचाराला मराठीत जे दोन परस्परविरुद्ध अर्थ आहेत, सन्मानाचा आणि बडतर्फीचा, ते दोन्ही एकाच फळात एकाच क्षणी सामावलेले मी त्या दिवशी पाहिले; अर्थात ते कळायला मला पुढे वकील व्हावे लागले. काकांच्या बावीस वर्षांच्या नोकरीचा एकही कागद कोठे नव्हता.

प्रस्तुत पुस्तक अशाच न झालेल्या कागदांतून जन्मले आहे. माझे एक तरुण वकील मित्र गेली काही वर्षे दर शनिवारी संध्याकाळी पेठेतील एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसतात, आणि ज्याला नोकरीविषयी किंवा नोकराविषयी काही विचारावयाचे असेल त्याचे ऐकून घेतात. फी घेत नाहीत. चहा मात्र येणाऱ्यानेच सांगावा असा प्रघात पडला आहे. विचारलेला प्रश्न ते विचारणाऱ्याच्या शब्दांत एका वहीत उतरवून ठेवीत आणि उत्तर डाव्या पानावर लिहीत. अशा दोन जाड वह्या भरल्या तेव्हा त्यांचे पुस्तक करावे असे काही मित्रांनी सुचवले, आणि वयाच्या अधिकाराने प्रस्तावना माझ्याकडे आली. वह्या चाळताना माझे लक्ष वेधले ते एका साध्या गोष्टीने. प्रश्न पगाराचा असो, रजेचा असो, बोनसाचा असो वा अपघाताचा, त्याच्या तळाशी एकच आदिप्रश्न दडलेला असतो, आणि तो असा की, हा माणूस त्या माणसाचा कोण? त्या नात्याचे नाव एकदा ठरले की कलमे आपोआप मागे येतात. ते ठरत नाही तोवर शंभर कलमे पाठ असूनही उपयोग नसतो.

आपल्या भाषेत या नात्याची नावे कोठून आली हे पाहणे मनोरंजक आहे. ‘पगार’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. ‘नोकर’, ‘चाकर’, ‘हजेरी’, ‘बडतर्फ’, ‘राजीनामा’, ‘करार’ हे सारे फारसी दफ्तरांतून आले. आणि हिशेब पुरा झाल्यावर एकमेकांवरील सर्व हक्क सोडल्याचे जे लेखपत्र होई त्याला ‘फारखत’ म्हणत. आज रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही घेऊन ‘माझा सर्व हिशेब मिळाला, आता काही येणे नाही’ असे जे लिहून घेतात ती त्या फारखतीचीच नात होय. फरक इतकाच की, कायद्याने जे देणे बंधनकारक केले आहे ते अशा सहीने बुडत नाही, हे जुन्या कारकुनाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि नव्या मालकाला ठाऊक असून चालत नाही. ‘रजा’ या शब्दाची हकीकत याहून बोलकी आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मर्जी, संमती. म्हणजे रजा ही देणाऱ्याच्या खुशीची वस्तू. कायद्याने त्या शब्दामागे ‘अर्जित’ हे संस्कृत विशेषण जोडले आणि खुशीची वस्तू कमाईची झाली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ज्याने वर्षात २४० दिवस काम केले त्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते, शिवाय आठ नैमित्तिक रजा आणि आठ सणांच्या सुट्ट्या. या आठ सुट्ट्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे चार दिवस कायद्याने नेमलेले आहेत. उरलेले चार मालक व कामगार यांनी आपसांत ठरवावयाचे. त्या चारांत गणेशचतुर्थी धरावी की अनंतचतुर्दशी, की दोन्ही, यावर मानाच्या पहिल्या गणपतीच्या या पेठेत किती कडाक्याचे वाद होतात ते वहीतील तीन पानांवरून दिसेल.

ही कमाई सहज झालेली नाही. सत्यशोधक विचारांचे आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि आठवड्याची एक सुट्टी, जी आज आपण सूर्योदयाइतकी नैसर्गिक समजतो, ती १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत मान्य झाली. बाळंतपणाच्या रजेचे विधेयक १९२८ साली मुंबई विधिमंडळात चर्चेला आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताने तसा कायदा केला. आज पहिल्या दोन अपत्यांपर्यंत सव्वीस आठवड्यांची जी भरपगारी रजा मिळते तिचे मूळ येथे आहे. कामावर झालेल्या अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ चा, पगार वेळेवर देण्याचा १९३६ चा. दुकानांत काम करणाऱ्यांचे तास बांधून देणारा कायदाही मुंबई प्रांताने १९३९ सालीच केला होता, आणि १९४८ चा त्याचा वारस पुढे जवळजवळ सत्तर वर्षे चालला. ही यादी मी येथेच थांबवतो. इतिहासासाठी अन्य ग्रंथ आहेत.

मला सांगावयाचे आहे ते निराळे. हा सारा अंगरखा गिरणीच्या मापाने बेतलेला आहे. धुराडे, भोंगा, हजारो हात, मुकादम, मस्टर, पगाराची खिडकी, असे सारे डोळ्यांपुढे ठेवून ज्यांनी कलमे लिहिली त्यांच्या मनात कसब्यातील चार माणसांचा कारखाना नव्हता. जेथे मालक स्वतः हातोडा धरतो, त्याचा पुतण्या बिनपगारी शिकतो, एक कारागीर नगावर काम करतो आणि एक हमाल दिवसाकाठी दोन तास येतो, तेथे हा अंगरखा कोठे ढगळ पडतो, कोठे तोकडा, आणि न्यायालयांना शिंप्याप्रमाणे तो वारंवार उसवावा लागतो.

या उसवण्याची दोन उदाहरणे देण्याचा मोह मला आवरत नाही, कारण दोन्ही आपल्याच मुलखातील आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या दशकात नागपूरच्या एका विडी कारखान्यातील कामगारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. ते नगावर विड्या वळीत आणि मनात येईल तेव्हा उठून जाऊ शकत. पण त्यांची हजेरी लागे, दुपारनंतर येणाऱ्याला काम मिळत नसे, आणि सदोष विडी बाजूला काढली जाई. न्यायालयाने त्यांना कामगार मानले. पाठोपाठ महाराष्ट्रातीलच दुसऱ्या एका विडी कारखान्याचे प्रकरण आले; तेथे वळणाऱ्याने केव्हा यावे, किती वळावे, यावे की न यावे, याचे कसलेच बंधन नव्हते, आणि न्यायालयाने त्याला कामगार मानण्यास नकार दिला. तंबाखू तीच, पान तेच, बोटांचे कसब तेच, निकाल उलटे. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांपर्यंत संरक्षण पोहोचवण्यासाठी अखेर १९६६ साली संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. आमच्या शिंपी मंडळींनी मात्र १९७३ चा निकाल ध्यानात ठेवावा. हैदराबादकडील एका शिवणदुकानातील कारागीर नगावर शिवीत, त्यांना वेळेचे बंधन नव्हते, काही जण काम घरीही नेत. तरीही यंत्र दुकानाचे, शिवण नापसंत ठरवून पुन्हा उसवून मागण्याचा अधिकार मालकाचा, एवढ्यावरून ते दुकानाचे नोकरच ठरले. ‘तो नगावर आहे, माझा त्याच्याशी संबंध नाही’ हे वाक्य वहीत ज्या ज्या मालकाने उच्चारले आहे त्याने ते पान दोनदा वाचावे.

दुसरे मोठे प्रकरण आकड्यांचे. आमच्या कायद्यांना दहा आणि वीस या दोन अंकांचे विलक्षण प्रेम आहे. ग्रॅच्युइटी दहा माणसांवर, कामगार विमा दहांवर, भविष्यनिर्वाह निधी वीसांवर, बोनस साधारणतः वीसांवर. १९४८ चा दुकानांचा कायदा एकट्या नोकराच्या दुकानालाही नोंदणीस लावीत असे. २०१७ च्या कायद्याने तेथेही दहाची रेषा ओढली आणि त्याखालच्यांना केवळ सूचना देऊन मोकळे केले. या रेषा अधूनमधून सरकवल्या जातात, त्यामुळे वाचकाने चालू वर्षाचा आकडा विचारूनच पुढे जावे. पण रेषा कोठेही असो, तिच्या अलीकडे एक माणूस कमी ठेवून उभे राहण्याची कला आमच्या पेठेत फार जुनी आहे. नऊ माणसे दुकानात, दहावा सौभाग्यवतींच्या नावाच्या दुसऱ्या दुकानात, आणि दोन्ही दुकानांना दार एकच! असे चातुर्य मी न्यायालयात अनेकदा उलगडलेले पाहिले आहे आणि ते पाहताना, खोटे कशाला बोलू, उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाइतकाच आनंद मलाही झाला आहे.

कामगारांच्या प्रश्नांत सर्वाधिक वेळा आलेले वाक्य आहे, ‘मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नको.’ आणि मालकांच्या बाजूने त्याचेच प्रतिबिंब, ‘मी काही काढले नाही, तोच येईनासा झाला.’ या दोन वाक्यांच्या मध्ये न्यायालयांची कित्येक वर्षे खर्ची पडली आहेत. कायदा असे मानतो की काम सोडणे हा मनाचा निश्चय आहे, नुसत्या खाड्यांवरून तो गृहीत धरता येत नाही. ‘कामावर रुजू व्हा’ असे एक पत्र न पाठवणाऱ्या मालकाचे म्हणणे सहसा टिकत नाही. उलट, वर्षभरात २४० दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र कामगाराचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे; आणि ज्याला कधी नेमणूकपत्र मिळाले नाही, ज्याचा पगार पाकिटातून रोख आला, त्याने हे सिद्ध करावे कशाने? वहीतील एका कारागिराने कारखान्यातील सत्यनारायणाच्या पूजेची सलग सहा वर्षांची छायाचित्रे आणली होती. प्रत्येकात तो समईशेजारी उभा. छायाचित्राने वर्ष कळते, दिवस मोजता येत नाहीत. तरी मित्रांनी ती जपून ठेवण्यास सांगितले, हे योग्यच केले. मोबाईलवरून आलेले पगाराचे पैसे, मालकाचा ‘उद्या लवकर ये’ असा निरोप, माल पोचवल्याच्या पावतीवरील सही, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंची किंमत पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात विस्ताराने सांगितली आहे आणि माझ्या मते पुस्तकातील सर्वांत उपयुक्त पाने तीच आहेत.

मालकांचे प्रश्न वाचताना वाचकाने पूर्वग्रह बाजूला ठेवावा. छोटा मालक हा पुष्कळदा भ्यालेला माणूस असतो. त्याला निरीक्षकाची भीती, बाजाराची भीती, आणि सर्वांहून अधिक, शिकवून तयार केलेला कारागीर समोरच्या गाळ्यात जाऊन बसेल ही भीती. म्हणून तो कोऱ्या कागदावर सही घेतो, मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवतो, ‘पाच वर्षे कोठे जाणार नाही’ असे लिहवून घेतो. १८७२ च्या करार कायद्याचे सत्ताविसावे कलम नोकरी सुटल्यानंतर माणसाच्या पोटापाण्यावर घातलेले बंधन रद्दबातल ठरवते. नोकरीच्या मान्य मुदतीतील बंधनाची गोष्ट वेगळी, आणि कल्याणच्या एका कारखान्यातून मुदतीपूर्वी प्रतिस्पर्ध्याकडे गेलेल्या तंत्रज्ञाला १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रोखले होते. दंडाची रक्कम कागदावर कितीही लिहा, मिळते ती झालेल्या नुकसानीच्या वाजवी मर्यादेतच. हिंजवडीत संगणकावर काम करणाऱ्या पेठेतील मुलांचे बाँडविषयीचे प्रश्न आणि तांबट आळीतील मालकाचे प्रश्न या एकाच कलमाखाली शेजारी शेजारी छापले आहेत, ही माझ्या मित्रांची योजना मला फार आवडली. त्या मुलांनी आणखी एक ध्यानात घ्यावे: कार्डावर ‘मॅनेजर’ छापल्याने कोणी कामगार असण्याचे थांबत नाही, हाताखाली कोण आहे आणि दिवसभर प्रत्यक्षात काय करावे लागते, हेच पाहिले जाते.

उचलीचा प्रश्न अधिक नाजूक. उचल घेऊन कारागीर पळाला, ही तक्रार खरी असते. पण उचल हे कर्ज आहे. ते पगारातून मर्यादेत कापता येते, दिवाणी न्यायालयात मागता येते, मात्र त्यापोटी माणूस अडकवून ठेवता येत नाही. तसे केले की १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा दारात उभा राहतो, आणि त्या वेळी ‘घरचाच माणूस’ हे समर्थन कामी येत नाही.

अपघातांविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण ती सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते. ‘तो प्यायलेला होता’ असे म्हटले की जबाबदारी संपली, असा मालकांचा समज आहे. इतर इजांपुरते त्यात तथ्य आहे. परंतु मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर हा बचाव कायदा ऐकून घेत नाही. आणि स्त्रियांनी, विशेषतः दोन-तीन जणींच्या दुकानांत काम करणाऱ्यांनी, हे जाणून असावे की २०१३ च्या कायद्याखालील लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दुकानात समिती असण्याची गरज नाही. दहापेक्षा कमी माणसे असतील तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि मुदत साधारणपणे तीन महिन्यांची आहे.

हे पुस्तक छपाईला जाण्याच्या बेतात असतानाच २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या, आणि एकोणतीस कायदे त्यांत विलीन झाले. माझ्या मित्रांच्या डाव्या पानांवरील कलमांचे आकडे एका सकाळीत शिळे झाले. काही उत्तरेही बदलली: नोकरी सुटताच दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता करण्याचे बंधन आले, मुदतबंद कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षातच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला, नेमणूकपत्राचे महत्त्व वाढले. राज्याचे कायदे, उदाहरणार्थ हमाल-माथाड्यांचा १९६९ चा किंवा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा, यांचा नव्या संहितांशी मेळ कसा बसतो याविषयी न्यायालये पुढील काही वर्षे बोलत राहतील. मित्रांनी उत्तरे पुन्हा लिहिली. उजव्या पानावरील प्रश्नांत मात्र त्यांना एक अक्षरही बदलावे लागले नाही.

शेवटी एका प्रश्नाविषयी. तांबट आळीतील एक गृहस्थ व्यापाऱ्याकडून तांब्याचा पत्रा वजन करून आणतात, हंडे-बंब घडवून पुन्हा वजन करून देतात आणि वजनावर मजुरी घेतात. जागा त्यांची, भट्टी त्यांची, हाताखाली दोन माणसे, त्यांनाही नगावर मोबदला. त्यांनी विचारले, ‘वकीलसाहेब, माझ्या पोरांनी मला सांगितलं, तुम्ही मालक आहात, आम्हाला बोनस द्या. मी व्यापाऱ्याकडे गेलो, तर तो म्हणतो, तू मालक आहेस, मी तुला कसला बोनस देऊ? मग माझा मालक कोण?’ माझ्या मित्रांनी डाव्या पानावर तीन वेळा उत्तर लिहिले आणि तीनही वेळा खोडले. पुस्तकात तो प्रश्न त्यांनी शेवटी घातला असून खाली अर्धे पान कोरे सोडले आहे. कागद वाया जातो अशी छापखान्याची हरकत होती; मी मध्यस्थी करून ते पान तसेच राहू दिले.